वायर हरवलेली गाण्यांची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, एवढेच मला खात्रीने सांगता येते. बाकी माझ्या आयुष्यात काय झाले, का झाले आणि त्यात माझे काय चुकले, याबद्दल माझा अजून गोंधळ आहे. माझ्या पोटात गुळगुळीत चकत्या आहेत आणि त्यांच्यावरून एक बारीक दांडी फिरते. ती एका वेळी एकच जागा बघते. त्यामुळे मागचे पुढचे जुळवताना माझी तारांबळ उडते. तेवढे सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कणही चालत नसे. माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरत, त्यामुळे मला घडवणाऱ्या एकाचाही चेहरा मी पाहिला नाही. त्यांनी माझ्या पाठीला दोन ओळींत बारीक पिना बसवल्या. मधली एक पिन मात्र गाळली. मला वाटले, विसरले. नंतर कळले की वायर उलटी बसू नये म्हणून ती जागा मुद्दामच रिकामी ठेवतात. माझ्यासारख्या सगळ्यांचा तो एक दात पडलेलाच असतो.

तिथून मी कॉम्प्युटरच्या खोक्यात बसून मालबोटीने आले ती टॉरेसच्या सामुद्रधुनीतल्या एका बेटावर. ऑस्ट्रेलियाचे टोक तिथून दक्षिणेला आहे. बेटाच्या कचेरीत मला ठेवले. त्या खोक्यात माझ्याआधी आणखी एक डिस्क होती. म्हणून माझ्या पिनांवर एक चिमुकली काळी टोपी बसवून मला ‘दुसरी’ ठरवले. मला त्याचे थोडे वाईट वाटले, पण आपल्याला कोण विचारतो? कचेरीला नवे यंत्र आले तेव्हा आमचे खोके एका म्हाताऱ्या गृहस्थांना देऊन टाकले.

या गृहस्थांचे नाव मी आत्ता सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. बेटावरची मुले आणि घरचेही त्यांना अता म्हणत, म्हणजे आजोबा. त्यांच्या बायकोला सगळे आका म्हणत, म्हणजे आजी. अता गाणी रचत. त्या बेटावर सण, लग्न, चर्चचा उत्सव, काहीही नाचाशिवाय होत नाही आणि नाच गाण्याशिवाय होत नाही. त्यामुळे गाणी रचणाऱ्याचा मान मोठा. अता चाफ्याखाली ओसरीवर बसून यंत्रापुढे गात आणि मी ते जपून ठेवी. तसे म्हणायचे एवढेच. मला गाणे कळत नाही. माझ्याकडे येतात ते नुसते ठिपके, एक ठिपका आहे, एक नाही. पण अता माझ्या खोक्यावर थाप मारून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत, “ही माझी गाण्यांची टोपली बरं का! हिला हात लावायचा नाही.” ते ऐकून मी फुगून जात असे.

त्यांना दोन मुली. थोरली रुता बेटावरच राहत होती. तिचा नवरा नेसन होड्यांची इंजिने दुरुस्त करी. धाकटी मारेता दूर केर्न्स शहरात होती आणि शाळेत कॉम्प्युटर शिकवत होती. एका रविवारी अता तिच्याशी फोनवर बोलत होते.

“तुझं गाणं केलंय पोरी.”

“म्हणून दाखवा की मग!”

“फोनवर? बाजारातले मासे आहेत काय, फोनवर मागवायला? नाताळात ये. समोर बस. मग देतो.”

“एक ओळ तरी म्हणा, अता.”

“नाताळात म्हटलं ना!”

मारेता नाताळाच्या आधीच आली, पण अता तेव्हा नव्हते. एका दुपारी ते ओसरीवर पडल्या पडल्याच गेले.

मित्रांनो, इथून माझा गोंधळ सुरू होतो. घरातल्या त्यांच्या सगळ्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून ठेवल्या. त्यांचे नाव कोणी घेईना. मग नेसन पाना घेऊन आला आणि त्याने आमचे खोके उघडले. मला उपटून बाहेर काढले. माझी करडी चपटी वायर, वीज देणारी वायर, पडदा, खोके, ती पहिली डिस्क, सगळे त्याने मालबोटीवरच्या भंगारात घातले. मला मात्र फुलाफुलांच्या कापडात गुंडाळले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सुक्या तांदळात पुरले. वर झाकण लावले.

“बाकीचं कशाला टाकलंत?” रुताने त्याला विचारले.

“आवाज हिच्यात आहे,” नेसन म्हणाला. “नारळ सोलल्यावर काथ्या कोण ठेवतं? खोबरं ठेवलं की झालं.”

मी अंधारात पडून विचार करू लागले. मी कसले खोबरे? वायरीशिवाय मी म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप. काल माझे कौतुक करणारी हीच माणसे आज मला डब्यात का कोंडतात? माझ्या अंगात घड्याळ नाही, त्यामुळे किती काळ गेला ते कळेना. डब्याबाहेर आवाज येत. मारेता सुट्टीला येई, डब्याजवळ बसे, पण झाकण उघडत नसे. एकदा ती रडत होती हे मला कळले. मी तिच्या हाताच्या अंतरावर होते आणि ती मला हात लावत नव्हती. मी टाकाऊ झाले असेन, असे मला वाटू लागले. पण टाकाऊ वस्तूजवळ बसून कोण रडते?

नंतर आका शेजारणीशी बोलत असताना मला उलगडा झाला, तोही अर्धाच. त्या बेटांवर माणूस गेले की त्याचे नाव, त्याचे चित्र, त्याचा आवाज झाकून ठेवतात. मग घरचे लोक काही वर्षे पैसे साठवतात, थडग्यावर चांगला कोरीव दगड बसवतात आणि एक दिवस सगळ्या बेटांवरच्या नातलगांना बोलावून तो दगड उघडतात. त्या दिवशी दुःख संपवायचे. तसबिरी सुलट्या होतात, नाव घेता येते, खूप जेवण, खूप नाच. आणि या सगळ्याची कामे कोणी करायची? सोयऱ्यांनी. जावयाने, सुनेच्या माहेरच्यांनी. रक्ताच्या माणसांनी चटईवर बसायचे आणि कशाला हात लावायचा नाही. दुःख त्यांचे, काम सोयऱ्यांचे. म्हणजे मी अडगळीत नव्हते, झाकलेली होते. दोन्हींत अंधार सारखाच असतो, त्यामुळे मला फरक कळला नव्हता.

शेवटी दगडाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सकाळी मारेता केर्न्सहून आली. तिच्या पिशवीत तिचा नवा लॅपटॉप आणि एक विचित्र वस्तू होती. तिच्या एका टोकाला माझ्या पिनांना बसेल अशी जुनी खाच, दुसऱ्या टोकाला नव्या यंत्रांची चपटी जीभ आणि सोबत वीज देणारी एक वेगळी डबी. जुन्याला नव्याशी जोडणारी वायर. मारेताने ती नेसनसमोर ठेवली आणि मुकाट्याने आकाच्या शेजारी चटईवर जाऊन बसली.

आता गंमत बघा. मला नव्या यंत्राला कसे जोडायचे हे त्या घरात एकट्या मारेताला येत होते आणि तिला हात लावायची बंदी. हात लावायचा अधिकार नेसनचा आणि त्याला ओ की ठो येत नव्हते. शिवाय काम करणाऱ्या सोयऱ्याला चटईवरून हुकूम सोडायचा नसतो. सोयऱ्याचे फक्त आभार मानायचे असतात.

नेसनने झाकण उघडले. मला तांदळातून बाहेर काढून फुंकर मारली. इतक्या काळाने उजेड पाहून मी बावरले. त्याने मला हातात फिरवून पाहिले आणि एकदम ओरडला, “मेलो! हिची एक पिन गेली!”

तो खाली वाकून फरशीवर पिन शोधू लागला. तांदूळ चाळले. डबा उपडा केला. रुतालाही चटईवरून डोळे फिरवायला लावले. मी मनात ओरडत होते की अहो, ती नव्हतीच, जन्मापासून नव्हती! पण माझे ऐकणार कोण?

तेव्हा मारेता आकाकडे वळून मोठ्याने म्हणाली, “आका, तुला सांगितलं का? आमच्या शाळेत एक मास्तर होता. त्यानं असंच एका डिस्कची पिन हरवली म्हणून दिवसभर शोधली. मग कळलं, ती मुळातच नसते!”

“कोण मास्तर?” आका म्हणाली.

“होता एक.”

“गाढवच म्हणायचा.”

“नाही गं, स्वभावानं चांगला होता.”

नेसन फरशीवरून उठला. त्याने मारेताकडे पाहिले नाही, पण कान तिकडेच लावले. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसला प्रकार सुरू झाला. त्या मास्तराने त्या सकाळी काय काय केले म्हणता! त्याने वायर सरळ दाबली, तिरकी नाही. त्याने आधी विजेची डबी लावली. त्याने जोर केला नाही, कारण डिस्क म्हणजे इंजिनाचा नट नव्हे. आकाला त्या मास्तराचा अगदी कंटाळा आला.

“त्याला बायको नव्हती का?” ती म्हणाली. “नुसता वायरी घेऊन बसायचा!”

मला वीज मिळाली. मित्रांनो, त्या क्षणाचे काय सांगू! माझ्या चकत्या कुरकुरल्या, अडखळल्या आणि मग फिरू लागल्या. पण समोरचे यंत्र काही मला ओळखेना. ते माझ्याशी फार भरभर बोलत होते. मी हळू उत्तर देई, तोवर ते पुढचे विचारी. शिवाय मी ‘दुसरी’ होते ना! ती काळी टोपी अजून माझ्या डोक्यावर होती. मी शिस्तीने पहिलीची वाट बघत राहिले. पहिली तर केव्हाच भंगारात गेली होती. त्या वायरीला दुसरी नको होती, एकटी हवी होती. मला हे कोणी सांगितलेच नव्हते.

थोड्या वेळाने लॅपटॉपच्या पडद्यावर एक पाटी आली. ही डिस्क वाचता येत नाही, वापरण्यापूर्वी नीट तयार करायला हवी, करू का? खाली दोन चौकटी, हो आणि नाही.

नेसनने पाटी वाचली. त्याचा चेहरा उजळला. “बघा, यंत्रच म्हणतंय, तयार करून देतो!” तो म्हणाला आणि त्याचे बोट ‘हो’कडे गेले.

त्या ‘हो’चा अर्थ मला ठाऊक आहे. त्याचा अर्थ सगळे पुसून टाकणे. अतांचा सगळा आवाज, सगळी गाणी, जे मारेताने अजून ऐकलेही नव्हते ते, सगळे कोरे. मारेता चटईवरून अर्धी उठली. रुताने तिचा हात धरून तिला खाली ओढले.

“आका!” मारेता किंचाळली. “त्या मास्तरानं ‘हो’ दाबलं आणि सगळं गेलं! काही म्हणता काही राहिलं नाही, आका!”

नेसनचे बोट हवेत थांबले. आकाने त्या बोटाकडे पाहिले, मग मारेताच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. मास्तर कोण हे बहुधा तिला तेव्हा कळले.

“मग त्या मास्तरानं करायला काय पाहिजे होतं?” तिने शांतपणे विचारले.

“‘नाही’ म्हणायचं,” मारेता तिच्याकडेच बघत म्हणाली. “वीज बंद करायची. डिस्कच्या पिनांवर छोटी काळी टोपी असते, ती काढून ‘पहिली’च्या जागी बसवायची. आणि मग पुन्हा जोडायची.”

नेसनने ‘नाही’ म्हटले. मग आपल्या जाड बोटांकडे पाहिले, खिशातून मासे धरायचा गळ काढला आणि त्याच्या टोकाने माझी टोपी अलगद उचलली. त्याच्या कपाळावरचा घाम माझ्या अंगावर पडेल की काय, या भीतीने मी अर्धमेली झाले होते. टोपी ‘पहिली’च्या जागी बसली. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिली झाले, आणि तेही शर्यतीत एकटीच असल्यामुळे.

या वेळी यंत्राने मला ओळखले. पण पुढे नवीच पंचाईत. अतांनी आपल्या गाण्यांना नावे काय दिली होती? ‘नवे’. ‘नवे नवे’. ‘आणखी नवे’. ‘हे नवे’. मारेताचे गाणे यातले कोणते? ऐकून बघावे, तर दगड उघडेपर्यंत आवाज ऐकायचा नाही. नेसनने लॅपटॉपचा आवाज बंद केला. तेवढ्याने भागेना म्हणून त्यावर उशी दाबली आणि वर स्वतःच्या कानांत कापूस घातला. मग त्याने सगळीच्या सगळी गाणी माझ्यातून नव्या यंत्रात उतरवून घेतली. काय उतरले, कसे उतरले, कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. एखादा ठिपका वाटेत सांडला असला तर? इतकी वर्षे दमट हवेत काढली होती मी. मारेताकडे पाहून माझा जीव खालीवर होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसपासच्या बेटांवरून होड्या आल्या. थडग्यावर रंगीत कापडांचे थर होते. सोयऱ्यांनी ते एकेक करून काढले आणि खालचा काळा दगड उन्हात चमकला. पाद्रीबाबांनी त्यावरचे नाव मोठ्याने वाचले. एनोसा. आता मलाही ते घ्यायला हरकत नाही. त्यांचे नाव एनोसा होते. किती तरी वर्षांनी ते ऐकून आका तोंडावर पदर घ्यावा तसे फुलाफुलांचे कापड धरून उभी राहिली.

जेवणाच्या मांडवात ढोल मांडले होते, नाचणाऱ्या मुलींच्या हातांत बियांचे खुळखुळे होते. नेसनने लॅपटॉप मोठ्या कर्ण्याला जोडला. मला कोणी बोलावले नव्हते, माझे काम झाले होते. पण आका म्हणाली, “टोपलीला पण आणा. तिनं तरी कधी ऐकलंय?” म्हणून मला टेबलावर एका बशीत ठेवले. आता मारेताला बंदी नव्हती. तिनेच बटण दाबले. तिने ‘आणखी नवे’ निवडले. का, ते मला माहीत नाही.

आधी खोकला ऐकू आला. मग, “चालू झालं का हे? ए, त्या कोंबडीला हाकला रे!”

सगळा मांडव हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. मग एनोसा गायला लागले.

“पाणी मागं सरलं पोरी, वाळू उघडी पडली…”

आणि आवाज थांबला.

काहीच ऐकू येईना. नुसती खरखर. नेसन ताडकन उठला. मी बशीत गार पडले. मला वाटले, गेले! वाटेत सांडले! इतके जपले आणि ऐन वेळी माझ्याच पोटात भोक पडले. तेवढ्यात आवाज पुन्हा आला.

“तुझी होडी कुठं गं, मी दिवा लावून बसलो…”

आणि पुन्हा थांबला. पुन्हा खरखर. मांडवात चुळबूळ सुरू झाली.

“माझ्यामुळं झालं,” नेसन कपाळाला हात लावून म्हणाला. “मी गळ लावला तिला. मीच तुटकं केलं.”

“नाही दाजी,” मारेता रडत म्हणाली, “जुनीच होती ती. अर्धं तर अर्धं मिळालं.”

आका हातातली काठी टेकत पुढे आली. तिने काठीचे टोक मारेताच्या पायावर हलकेच मारले.

“गप्प काय बसलीस? तुझी पाळी आहे.”

“माझी?”

“अगं, तो गाणं शिकवतोय तुला. एक ओळ त्यानं म्हणायची, एक पोरांनी. विसरलीस? समोर बस म्हणाला होता ना! थांबलाय तो तुझ्यासाठी.”

मारेताने डोळे पुसले आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले. ती कर्ण्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली, लहान मूल बसते तशी. एनोसांनी एक ओळ म्हटली आणि थांबले. त्या रिकाम्या जागेत मारेताने ती ओळ म्हटली. ती बरोब्बर मावली. दुसरी ओळ, तिने म्हटली. तिसऱ्या ओळीला रुताने तिला साथ दिली. पुढे मांडवातल्या सगळ्या मुली म्हणू लागल्या, मग नेसनही, बेसूर. मला गाणे कळत नाही हे मी सांगितलेच आहे. पण ती शांतता भोक नव्हते, हे मला कळले. एनोसांनी ती मोजून मापून माझ्याकडे ठेवायला दिली होती आणि मी तीसुद्धा जशीच्या तशी जपली होती.

शेवटची ओळ म्हणून झाली. कर्ण्यातून एनोसा म्हणाले, “बरोबर म्हटलंस, मारेता. आता उठून नाच.”

तिने म्हणायच्या इतकी वर्षे आधी त्यांनी तिला बरोबर कसे म्हटले, याचा विचार करून मी अजून गोंधळलेली आहे. मारेताला मात्र काही प्रश्न पडला नाही. ती उठली आणि नाचली.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी कुठेतरी पडली असेल. तिला झाकून ठेवा, तांदळात ठेवा, काही म्हणणे नाही. फक्त तिची वायर भंगारात घालू नका आणि यंत्र विचारील तेव्हा न वाचता ‘हो’ म्हणू नका. आमच्या पोटात काय आहे ते आम्हाला कळत नाही. कोणीतरी तिथे तुमच्या उत्तरासाठी जागा सोडून थांबलेले असते.